अ‍ॅप सुरू होतानाच थांबलं, यात माझं चुकलं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक एका छोट्या टीममध्ये वेब अ‍ॅप्लिकेशनचं काम करतात. काही महिन्यांपूर्वी प्रॉडक्शन सर्व्हरवर (ग्राहक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर) रिफंडसाठी लागणारी एक की, म्हणजे गुप्त किल्ली, टाकायची राहून गेली. अ‍ॅप व्यवस्थित सुरू झालं, तीन दिवस कुणाला काही कळलं नाही आणि पहिला रिफंड द्यायची वेळ आली तेव्हा सगळं उघडकीला आलं. त्यानंतर वाचकांनी स्वतःहून एक तपासणी लिहिली. अ‍ॅप सुरू होताना सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (बाहेरून दिलेली सेटिंग्ज, पासवर्ड, की) बघायची आणि एखादं नसेल किंवा चुकीचं असेल तर तिथेच थांबायचं. दोन आठवड्यांनी ईमेलच्या तळाशी लावायच्या लोगोची लिंक भरलेली नव्हती. तेवढ्यावरून अ‍ॅप सुरूच झालं नाही आणि साइट वीस मिनिटं बंद राहिली. भरीला, तपासणीने लॉगमध्ये जो एरर छापला त्यात डेटाबेसचा पासवर्ड जसाच्या तसा आला. आता सीनियर म्हणतात, "तपासणी काढून टाक, सगळीकडे डीफॉल्ट (काही दिलं नसेल तेव्हा वापरायचं ठरलेलं मूल्य) दे, अ‍ॅप कधीच पडता कामा नये." वाचक विचारतात: "माझं चुकलं का? डीफॉल्ट द्यावेत की अ‍ॅप थांबवावं? आणि यासाठी कुठली लायब्ररी वापरावी?"

उत्तर:

सगळ्यात आधी तो पासवर्ड. बदललात का? पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून विचारते. लॉगमधली ओळ पुसली की काम झालं, असं समजू नका. लॉग एका जागी राहत नाहीत. ते गोळा करणाऱ्या सेवेकडे जातात, अलर्टच्या ईमेलमध्ये जातात, बॅकअपमध्ये जातात, आणि त्या गडबडीत कुणीतरी तो एरर टीमच्या चॅटमध्येही चिकटवलेला असतो. नवा पासवर्ड तयार करा, तो लागू करा, जुना बंद करा. हे झालं नसेल तर आधी ते उरका, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता तुमचा प्रश्न. तपासणी लिहिलीत हे बरोबरच केलंत. पण तुम्ही आणि तुमचे सीनियर ज्या मुद्द्यावर भांडताय, तो मला मूळ मुद्दा वाटत नाही. चूक होणारच आहे. की राहणार, स्पेलिंग चुकणार, स्टेजिंगची (चाचणीच्या सर्व्हरची) लिंक प्रॉडक्शनमध्ये जाणार. प्रश्न एवढाच की ती चूक सगळ्यात आधी कुणाला कळते? डिप्लॉय करणाऱ्या, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणाऱ्या माणसाला, की पैसे परत मागणाऱ्या ग्राहकाला? रिफंडच्या वेळी ती ग्राहकाला कळली, तीही तीन दिवसांनी. लोगोच्या वेळी ती पहिल्याच मिनिटाला तुम्हाला कळली. वीस मिनिटं डोळ्यांसमोर होती म्हणून ती मोठी वाटतात. त्या तीन दिवसांत कुणाची धावपळ झाली नाही, म्हणून ते टीमच्या आठवणीत छोटे झालेत.

आणखी एक गोष्ट तपासून बघा. साइट तपासणीमुळे बंद पडली, हे तुम्ही धरूनच चाललाय. मला ते पटत नाही. नवी आवृत्ती सुरू झाली नाही, एवढंच तपासणीमुळे झालं. साइट बंद पडली, कारण नवी उभी राहायच्या आत जुनी बंद केली गेली होती. अनेक सर्व्हर सांभाळणाऱ्या कुबरनेटीजसारख्या व्यवस्थेत रोलिंग अपडेट (एकेक करून बदलणं) आणि रेडीनेस तपासणी (नवं तयार आहे का हे बघणं) नीट लावलेली असेल तर नवा पॉड, म्हणजे नव्या आवृत्तीची चालती प्रत, तयार होईपर्यंत जुने चालू राहतात. नव्या पॉडने मान टाकली तर डिप्लॉय अडकतो, ग्राहकाला काही जाणवत नाही. तुमच्याकडे एकच सर्व्हर असेल तरी उपाय आहे. तपासणी वेगळ्या कमांडने चालवता येईल अशी ठेवा. डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये आधी ती कमांड त्याच सर्व्हरवर, त्याच व्हेरिएबल्ससह चालवा, आणि ती नीट पार पडली तरच जुनी प्रोसेस थांबवा. दोन ओळींचा बदल आहे. तो केलात की सीनियरांची "अ‍ॅप पडता कामा नये" ही अटही पाळली जाते आणि तुमची तपासणीही राहते.

तरीही लोगोवरून अ‍ॅप थांबायला नको होतं. इथे मात्र तुमची चूक आहे. तुम्ही सगळ्या व्हेरिएबल्सना एकच नियम लावलात.

मी स्वतः प्रत्येक व्हेरिएबलला एक प्रश्न विचारते: हे नसताना किंवा चुकीचं असताना अ‍ॅप चालू राहिलं, तर पैसा, डेटा किंवा सुरक्षितता यांपैकी कशाला धक्का बसेल का? बसत असेल तर डीफॉल्ट नाही, सरळ थांबायचं. डेटाबेसचा पत्ता, सेशनवर (लॉगिन केलेल्या माणसाच्या ओळखीवर) सही करायची की, पेमेंटची की या सगळ्या त्यात येतात. सेशनच्या कीला कोडमध्ये डीफॉल्ट देणं तर फार धोक्याचं. तो डीफॉल्ट कोड वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. प्रॉडक्शनमध्ये खरी की टाकायची राहिली तर अ‍ॅप मुकाट्याने तो वापरतं, आणि कुणीही कुणाच्याही नावाने सेशन बनवू शकतं. बाहेरून सगळं सुरळीत दिसतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

पोर्ट, लॉगची पातळी, एका पानावर किती नोंदी दाखवायच्या, टाइमआउट किती सेकंदांचा, असल्या गोष्टींना डीफॉल्ट खुशाल द्या. फक्त तो सावध बाजूचा असू द्या. डीबगचं (चुका शोधायला आतला तपशील दाखवण्याचं) व्हेरिएबल नसेल तर डीबग बंद समजायचं, चालू नाही. नोडवर (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर) चालणाऱ्या एक्सप्रेस या फ्रेमवर्कमध्ये नोड_एन्व्ह हे व्हेरिएबल दिलंच नाही तर ते डेव्हलपमेंट धरलं जातं, आणि त्याचा मूळ एरर हँडलर पूर्ण स्टॅक ट्रेस (चूक कोडच्या कुठल्या फाइलीत, कुठल्या ओळीवर झाली त्याची यादी) ब्राउझरला पाठवतो. एक व्हेरिएबल विसरलं की अ‍ॅपच्या आतल्या फाइलींची नावं बाहेर. म्हणून त्याला मी डीफॉल्टच्या भरवशावर सोडत नाही. ते द्यायलाच लावते, आणि तेही ठरलेल्या तीन-चार शब्दांपैकीच.

उरतात तुमच्या लोगोसारख्या गोष्टी. नसेल तर लोगो दाखवू नका, लॉगमध्ये एक सूचना टाका आणि पुढे चला. पण पर्यायी गोष्टींमध्ये एक खाच आहे आणि तुमचा रिफंड बहुधा तिथेच अडकला. "रिफंडची की पर्यायी आहे" असं लिहिलं की ती नसली तरी कुणी काही बोलत नाही. खरं म्हणजे पर्यायी असतो तो रिफंड. तो चालू असेल तर की सक्तीची. म्हणून रिफंड चालू की बंद हे वेगळ्या व्हेरिएबलने स्पष्ट सांगायला लावा, आणि चालू असेल तेव्हा की नसणं ही चूक धरा. बहुतेक लायब्रऱ्यांमध्ये अशी एकमेकांवर अवलंबून असलेली अट लिहिता येते. नाही आली तर साधा इफ लिहा.

आता थोडं मुक्कामाने बोलते, कारण "व्हेरिएबल आहे का" एवढंच बघणाऱ्या तपासण्या मी फार पाहिल्या आहेत. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स आली १९७९ मध्ये, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत. तेव्हापासून त्यांचं रूप तेच आहे: नाव, बरोबरचं चिन्ह आणि पुढे अक्षरांची माळ. त्यात आकडा नाही, खरं-खोटं नाही, यादी नाही. तुमच्या प्रोग्रामच्या हातात येते ती फक्त स्ट्रिंग.

एका कंपनीत काम करत असताना आमच्या स्टेजिंग सर्व्हरवर ईमेल पाठवणं बंद ठेवायला एक व्हेरिएबल होतं. त्याची किंमत, म्हणजे व्हॅल्यू, 'फॉल्स' लिहिलेली होती. कोडमध्ये नुसतं "हे असेल तर पाठव" असं होतं. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने पाच अक्षरांची ती स्ट्रिंग रिकामी नाही, म्हणजे खरी. एका चाचणीच्या दिवशी खऱ्या ग्राहकांना "तुमची ऑर्डर रद्द झाली आहे" असे ईमेल गेले. तो कोड मी तपासला होता आणि मंजूर केला होता. व्हेरिएबल होतं, नाव बरोबर होतं, किंमतही वाचणाऱ्या माणसाला बरोबर दिसत होती. त्या ग्राहकांना एकेक करून फोन केले तो दिवस अजून आठवतो.

लायब्ररी वापरली म्हणून हा सापळा आपोआप टळत नाही. झॉड या जावास्क्रिप्टच्या तपासणी लायब्ररीत कोअर्स (रूपांतर) करून बूलियन (खरं-खोटं) मागितलं तर ते आतून जावास्क्रिप्टचंच रूपांतर वापरतं, आणि 'फॉल्स' पुन्हा खरं ठरतं. त्याच्या चौथ्या आवृत्तीत यासाठी स्ट्रिंगबूल नावाचा वेगळा प्रकार आला आहे, तो वापरा. पायथनमध्येही नुसत्या बूल फंक्शनला 'फॉल्स' ही स्ट्रिंग दिली तर ट्रू मिळतं. पायडँटिक ही पायथनची तपासणी लायब्ररी मात्र अशा शब्दांचा अर्थ नीट लावते. लायब्ररी नसेल तर 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे दोनच शब्द स्वीकारा आणि बाकी सगळ्याला नकार द्या.

आकड्यांचंही तसंच. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या स्ट्रिंगचा नंबर केला की शून्य मिळतो, चूक नाही. टाइमआउटचं व्हेरिएबल लिहिलं, पुढे किंमत टाकायची राहिली, तर टाइमआउट शून्य होऊन बसतो. स्ट्रिंगमधून आकडा काढणारं पार्सइंट हे फंक्शन तर '३०सेकंद' यासारख्या किमतीतले सुरुवातीचे आकडे उचलून बाकीचं सोडून देतं. म्हणून पूर्ण किंमत आकडा आहे का ते बघा, आणि मर्यादाही घाला. पोर्ट असेल तर १ ते ६५५३५. आणि एक पक्कं ठरवा: रिकामी स्ट्रिंग म्हणजे व्हेरिएबल नाहीच. 'नाही' आणि 'रिकामं' यांत फरक करत बसलात तर कधीतरी फसाल.

डोळ्यांना न दिसणारी अक्षरं हा आणखी एक छळ. टर्मिनलवर एको कमांडने की दुसऱ्या कमांडकडे वळवली की शेवटी नवी ओळ चिकटते, ती गुपितासकट साठवली जाते, आणि मग समोरची सेवा "की चुकीची आहे" म्हणत राहते. डॉकर या, प्रोग्राम बंदिस्त इमेजमधून चालवणाऱ्या साधनाच्या 'रन' कमांडला एन्व्ह-फाइल (व्हेरिएबल्सची यादी) दिली तर ते किमतीभोवतीची अवतरणचिन्हं काढत नाही, तीही किमतीचाच भाग होतात. तीच फाइल डॉकर कंपोज या त्याच्या जोडसाधनातून वाचली की चिन्हं निघतात. त्यामुळे एका मशीनवर चालतं, दुसऱ्यावर नाही. अशा वेळी मोकळ्या जागा गुपचूप छाटून टाकाव्यात असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. गुपितांच्या बाबतीत काही दुरुस्त करू नका, नकार द्या आणि कारण सांगा: "शेवटी मोकळी जागा किंवा नवी ओळ आहे." दुरुस्ती एकाच अ‍ॅपमध्ये होते, तेच गुपित वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये नाही, आणि मग दोघांत फरक का पडतो हे शोधण्यात दिवस जातो.

अर्थाकडेही बघा. प्रॉडक्शनमध्ये डेटाबेसचा पत्ता लोकलहोस्ट असणं बरोबर आहे का? बाहेरच्या सेवेची लिंक एचटीटीपीएसने सुरू होते का? सेशनची की किमान ३२ अक्षरांची आहे का, की नमुना फाइलमधलं 'चेंजमी' तसंच राहिलंय? स्ट्राइप या पेमेंट सेवेच्या गुप्त की चाचणीसाठी 'एसके_टेस्ट_' आणि खऱ्या व्यवहारांसाठी 'एसके_लाइव्ह_' ने सुरू होतात. प्रॉडक्शनमध्ये चाचणीची की आली तर थांबा, आणि स्टेजिंगवर खरी की दिसली तर त्याहून आधी थांबा. पण ती की चालते का हे बघायला सुरू होतानाच त्या सेवेला विचारू नका. त्यांची सेवा तासभर बंद असेल तर त्या तासात तुमचं अ‍ॅप रिस्टार्टही होणार नाही. सुरुवातीला फक्त रूप तपासा. की चालते का, हे मॉनिटरिंगने बघावं.

आता लॉगमध्ये सांडलेल्या पासवर्डकडे येते. तपासणी करणारा कोड हा तुमच्या सगळ्या गुपितांना एकाच वेळी हात लावणारा कोड आहे, म्हणून त्याने किमतींबद्दल तोंड बंद ठेवायला हवं. लायब्रऱ्या मात्र मदत म्हणून मिळालेली किंमत एररमध्ये छापतात. पायडँटिकच्या एररमध्ये इनपुट व्हॅल्यू दिसते. ती लपवायचं सेटिंग आहे, पण ते आपण लावावं लागतं. झॉडच्या तिसऱ्या आवृत्तीत ठरलेल्या शब्दांपैकी किंमत नसेल तर काय मिळालं ते संदेशात येतं. म्हणून लायब्ररीचा एरर जसाच्या तसा लॉगमध्ये टाकू नका. तो पकडा, त्यातून फक्त व्हेरिएबलचं नाव आणि चूक घ्या, आणि संदेश आपला आपण लिहा. असा काहीतरी:

"कॉन्फिगमध्ये ३ चुका आहेत, अ‍ॅप सुरू होणार नाही. डेटाबेस_यूआरएल: पोस्टग्रेस पत्त्याच्या रूपात नाही. सेशन_सीक्रेट: किमान ३२ अक्षरं हवीत. रिफंड_की: रिफंड चालू आहे पण ही दिलेली नाही."

यात एकही किंमत नाही, तरी डिप्लॉय करणाऱ्याला काय करायचं ते कळतं. पहिली चार अक्षरंसुद्धा दाखवू नका. सगळ्या चुका एकदम सांगा. एक दुरुस्त करून पुन्हा चालवली की दुसरी, असं झालं की माणूस वैतागतो आणि तपासणीच बंद करतो. मग शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) देऊन बाहेर पडा, म्हणजे डिप्लॉय करणाऱ्या स्क्रिप्टलाही कळेल. आणि एक टेस्ट जरूर लिहा: ओळखू येईल असा खोटा पासवर्ड मुद्दाम चुकीच्या पत्त्यात घाला, तपासणी चालवा, आणि छापलेल्या मजकुरात तो कुठेही नाही याची खात्री करा. तुमच्या बाबतीत जे घडलं ते या एका टेस्टने आधीच पकडलं असतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वेब अ‍ॅप म्हणजे ब्राउझरमध्ये जाणारा कोडही आला. असा कोड बनवणाऱ्या साधनांपैकी नेक्स्टमध्ये 'नेक्स्ट_पब्लिक_' आणि व्हीटमध्ये 'व्हीट_' ने सुरू होणाऱ्या व्हेरिएबल्सच्या किमती बिल्डच्या वेळी, म्हणजे अंतिम फाइली तयार होताना, कोडमध्ये कोरल्या जातात. त्या प्रत्येक भेट देणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये पोहोचतात. "फ्रंटएंडला (ब्राउझरमधल्या कोडला) किंमत मिळत नाहीये" म्हणून घाईत कुणीतरी गुप्त कीच्या नावाआधी तो उपसर्ग लावतं, किंमत मिळते, काम पुढे सरकतं, आणि की जगाला दिसते. म्हणून दोन स्कीमा (तपासणीच्या नियमांचे आराखडे) ठेवा, दोन वेगळ्या फाइलींत, आणि ब्राउझरच्या बाजूने सर्व्हरची फाइल इम्पोर्ट होऊच देऊ नका. ब्राउझरच्या किमती बिल्डच्या वेळी तपासा, कारण नंतर सर्व्हरवर व्हेरिएबल बदलून उपयोग नसतो. सर्व्हरची गुपितं मात्र अ‍ॅप सुरू होतानाच तपासा. बिल्डला ती लागूच नयेत. डॉकरच्या बिल्ड आर्ग्युमेंटमधून दिलेलं गुपित इमेजच्या इतिहासात वाचता येतं. बिल्ड अडतंय म्हणून तपासणी वगळायचं बटण लावलंत, तर ते प्रॉडक्शनच्या सुरुवातीला चुकून दाबलेलं राहणार नाही याची काळजी घ्या. गळती शोधायची एक सोपी युक्ती म्हणजे सीआयमध्ये (कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या व्यवस्थेत) सर्व्हरच्या प्रत्येक गुपिताच्या जागी एकच विचित्र खोटा शब्द भरून बिल्ड करा आणि ब्राउझरसाठी तयार झालेल्या फोल्डरमध्ये तो शब्द शोधा. सापडला तर बिल्ड अडवा.

"व्हेरिएबल्स आपणच भरतो, त्यांच्यावर कशाला संशय?" असंही टीममध्ये कुणी म्हणेल. २०१६ मध्ये एचटीटीपॉक्सी या नावाने एक दोष गाजला होता. सीजीआयच्या (विनंतीचा तपशील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समधून देण्याच्या जुन्या) पद्धतीने चालणाऱ्या अ‍ॅप्समध्ये विनंतीतल्या 'प्रॉक्सी' हेडरचं 'एचटीटीपी_प्रॉक्सी' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बनायचं. काही लायब्रऱ्या ते प्रमाण मानून अ‍ॅपच्या बाहेर जाणाऱ्या विनंत्या हल्लेखोराच्या सर्व्हरमार्गे पाठवायच्या. भरणारे नेहमी आपणच असतो, असं नाही.

लायब्ररीबद्दल फार विचार करू नका. नोडमध्ये झॉड किंवा एन्व्हॅलिड, पायथनमध्ये पायडँटिक-सेटिंग्ज, सगळी चांगली आहेत, आणि पंधरा-वीस व्हेरिएबल्स असतील तर हाताने लिहिलेली छोटी फाइलही पुरते. त्यापेक्षा शिस्त एका गोष्टीची पाळा: एन्व्हायर्नमेंट वाचायचं ते फक्त त्या एका फाइलमध्ये. बाकी सगळ्या कोडने तपासून झालेला, बदलता न येणारा कॉन्फिग ऑब्जेक्ट घ्यायचा. तुमच्या कोडमध्ये 'प्रोसेस.एन्व्ह' (नोडमध्ये व्हेरिएबल्स इथून वाचतात) किती ठिकाणी आहे ते आज शोधून बघा. तपासणीच्या फाइलबाहेरची प्रत्येक जागा म्हणजे तपासणी चुकवून जाणारा दरवाजा आहे. कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या ईएसलिंट या साधनात नियम लावून तो बंद करता येतो.

आणि सीनियरांशी बोलताना "डीफॉल्ट की थांबवणं" हा वाद पुन्हा काढू नका. त्यांची काळजी खरी आहे, वीस मिनिटं लोकांना उत्तरं त्यांनाच द्यावी लागली असतील. पासवर्ड लॉगमध्ये गेला ही चूक आधी आपणहून मान्य करा आणि ती टेस्ट दाखवा. डिप्लॉय स्क्रिप्टमधला बदल दाखवा. मग सगळ्या व्हेरिएबल्सची यादी घेऊन तासभर त्यांच्याबरोबर बसा, आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक गोष्ट दोघांनी मिळून लिहा: नसेल तर थांबायचं, डीफॉल्ट चालेल, की ती सोय बंद ठेवून पुढे जायचं. त्यांना जुन्या सर्व्हरवरच्या काही व्हेरिएबल्सचा इतिहास माहीत असेल, तो तुम्हाला माहीत नाही. सुरुवात लोगो आणि रिफंडपासून करा. त्या दोन ओळींवर तुमचा वाद होईल असं मला वाटत नाही.